सुकाणू विमान वळवत नाही

श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या तांडेलकाकांनी मला विचारलं, "ताई, विमानाच्या शेपटीला सुकाणू असतं ना? मग ते होडीसारखंच वळत असणार." मी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकले आहे, हे त्यांना माहीत होतं.

होडीचं सुकाणू फिरवलं की तिचं तोंड वळतं आणि पाण्यात बुडालेलं अंग तिला आडवं घसरू देत नाही. हवेत विमानाला तसा भक्कम आधार नाही. नुसतं शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, फिरवलं तर नाक वळतं, पण विमान बराच वेळ आधीच्याच दिशेनं घसरत राहतं. विमान खरं वळतं ते पंख कलल्यामुळे. पंखांची वर उचलणारी ताकद तिरकी होते आणि तिचा एक भाग विमानाला वळणाच्या आत ओढतो.

पंख कलवतात त्या त्यांच्या टोकांजवळच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा. त्यांना आयलरॉन म्हणतात. डावीकडे वळायचं तर उजवी झडप खाली जाते, उजवा पंख उचलला जातो. पण जास्त उचल मिळवणाऱ्या पंखाला हवेचा अडथळाही जास्त होतो. तो मागे खेचला जातो आणि डावीकडे वळायला निघालेल्या विमानाचं नाक उजवीकडे फिरतं! हा उलटा झोक म्हणजे ॲडव्हर्स यॉ. रडरचं वळणातलं मुख्य काम तो मोडण्याचं. म्हणून झडपा हलवणारी काठी डावीकडे नेताना डाव्या पायानं रडरचं पेडलही दाबायचं.

राईट बंधूंना या झोकानं १९०१ मध्ये किटी हॉकला फार छळलं. त्यांच्या ग्लायडरला झडपा नव्हत्या, ते पंखच पिळायचे. १९०२ मध्ये त्यांनी मागे उभे पडदे बसवले, पण ते पक्के होते, तेवढ्यानं भागलं नाही. मग पडदा हलता केला आणि त्याच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांना जोडल्या. मला हा क्षण इंजिन बसवण्याइतकाच मोठा वाटतो. विमान खऱ्या अर्थानं ताब्यात आलं ते इथे. आपल्या किनाऱ्यावरच्या घारीला असा उभा पडदा नाहीच. ती आडवी शेपटीच पिळते. ती वळताना शेपटीकडे नीट बघा.

ग्लायडरचे पंख लांबलचक, त्यामुळे त्याला हा झोक जास्त जाणवतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून ग्लायडर वर चढवायचे. तिथे मी हे पायांनी शिकले. ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असेल तर वळण स्वच्छ. उजवीकडे गेला तर डावा पाय हवा. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं दुसरं उपकरण मी पाहिलेलं नाही.

प्रवासी जेटमध्ये हा झोक मोडण्याचं काम बरंचसं यंत्रणाच करते. काही विमानांत वर जाणारी झडप खाली जाणारीपेक्षा जास्त हलते, म्हणजे दोन्हीकडचा अडथळा जुळतो. पण छोट्या विमानात पायाला सुट्टी नाही. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर वेग कमी, जमीन जवळ. धावपट्टी चुकतेय असं वाटून कुणी रडर जोरात दाबून नाक ओढायला गेला, तर आतला पंख आधी दम सोडतो आणि विमान गरगरत खाली येतं. सावरायला उंचीच उरलेली नसते.