यादी ग्रंथपालाकडे केव्हा जावी?

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी काही वर्षांपूर्वी मराठी विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात दाखल झाला. सर्व पाठ्यसाहित्य ऑनलाइन मिळेल, असे त्यास सांगण्यात आले होते. ते मिळालेही, परंतु सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही एका जुन्या ग्रंथाच्या पानांची मोबाइलने टिपलेली तिरपी छायाचित्रे या स्वरूपात. संगणकातील जी योजना अशा विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविते, तिला खरी अक्षरे लागतात. चित्रात उमटलेली अक्षरे तिच्या लेखी नसतातच. पानामागून पान ती 'चित्र', 'चित्र' एवढेच उच्चारीत राहिली. प्राध्यापकांची कळकळ उणी नव्हती. ग्रंथालयास आधी कोणी विचारले नव्हते, एवढेच.

ऑनलाइन म्हणजे तत्काळ, असा समज अलीकडे फार दृढ झाला आहे. वस्तुतः वाचनयादीतील प्रत्येक नोंदीस तयार होण्यास निरनिराळा काळ लागतो. एखादी आजच्या आज खुली करता येते, तर दुसरीस चार महिनेही पुरत नाहीत. ही निवड ग्रंथपालच करू जाणे.

पहिला प्रश्न स्वामित्वहक्काचा. आपल्या 1957 च्या कायद्यान्वये, 1992 च्या दुरुस्तीनंतर, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनवर्षानंतर 60 वर्षे टिकतो. भा. रा. तांबे यांचे निधन ग्वाल्हेरीस 1941 साली झाले. तेव्हा त्यांची तत्पूर्वी प्रसिद्ध झालेली कविता 2002 च्या आरंभापासून सर्वांची झाली. धारवाडास दीर्घकाळ राहिलेले जी. ए. कुलकर्णी 1987 साली निवर्तले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथांवरील हक्क 2047 अखेरपर्यंत राहील. येथेही एक मेख आहे. कविता मुक्त झाली तरी अलीकडच्या संपादकाने तिला जोडलेली प्रस्तावना व टीपा मुक्त होत नाहीत. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. मरणोत्तर प्रथम छापल्या गेलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनवर्षापासून मोजावी लागते. म्हणूनच यादीत नुसते 'तांबे यांची कविता' असे लिहून भागत नाही. कोणती आवृत्ती, कोणती पृष्ठे, हे लिहावे लागते.

अध्यापनाच्या ओघात उतारे देण्यास कायद्यात मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने 2016 साली या मोकळिकीचा उदार अर्थ लावला. अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे, असे म्हटले, आणि उताऱ्याचे प्रमाण अध्यापनाच्या गरजेशी सुसंगत असावे, ही कसोटी दिली. तथापि तो वाद कागदी प्रतींचा होता. अख्खी कादंबरी जगास खुली करण्याचा परवाना त्यातून मिळाला, असे मानणे धाडसाचे होय. उतारा नोंदलेल्या विद्यार्थ्यांपुरता, संकेतशब्दाच्या आड ठेवणे बरे. अपंग वाचकांसाठी मात्र 2012 च्या दुरुस्तीने स्वतंत्र व स्पष्ट तरतूद केली आहे. वाचता येईल असे रूप त्यांच्यासाठी तयार करण्यास परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या आड कायदा आला नव्हता. वेळ आला होता.

कारण खरा वेळ खाते ते अक्षरांचे काम. जुन्या मराठी ग्रंथांचे खिळे झिजलेले, कागद पिवळा, जोडाक्षरे गच्च. यंत्राने चित्रातून ओळखलेल्या मजकुरात काना-मात्रांची गफलत हमखास होते. एखाद्या जाणत्या माणसाने ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहिल्यावाचून तो विद्यार्थ्यापुढे ठेवू नये. युनिकोडपूर्व काळातील संगणकावर जुळविलेल्या टिपणांची आणखी निराळी रड: दुसऱ्या यंत्रावर ती उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. शिवाय, विकत घेतलेला ई-ग्रंथ एका वेळी एकाच वाचकास उघडता येईल अशी अट कित्येकदा असते. चाळीस जणांच्या वर्गास तो परीक्षेच्या आदल्या रात्री काय उपयोगाचा?

'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना 2025 पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके तिने सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली. चांगलेच झाले. परंतु मराठीच्या वाचनयादीचा प्रश्न तिने सुटत नाही. पुण्याच्या विद्यार्थ्यास एक प्रत न मिळाली तर दुसरे ग्रंथालय हाकेच्या अंतरावर असते. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील विद्यार्थ्यास ती सोय तितकी नाही. पुस्तक दूरच्या ग्रंथालयातून मागवावे लागते, आणि त्याला टपालाचा वेळ लागतोच.

आम्हां बडोदेकरांस ही पूर्वतयारी नवखी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, तेव्हा फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या गावोगाव जात. पेटी गावात पोचण्यापूर्वी पुस्तके कोणी तरी निवडून, नोंदवून, भरून ठेवलेली असत. आज पेटी दिसत नाही, म्हणून ती भरावी लागत नाही असे वाटते, इतकेच.

तेव्हा जूनच्या सत्राची यादी निदान जानेवारीत ग्रंथपालाच्या हाती पडावी, असे आमचे मत आहे. तीत आवृत्ती व पृष्ठे यांखेरीज कोणता उतारा कोणत्या आठवड्यात लागेल, विद्यार्थी किती, आणि अगत्याचे कोणते व पूरक कोणते, हेही असावे. विद्यार्थ्यांची नावे तोवर नक्की नसतात, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. परंतु दृष्टिहीन विद्यार्थी येईल की नाही याची वाट न पाहता मजकूर खऱ्या अक्षरांतच करून घेतला, तर तो शोधण्यास व उतरवून घेण्यास डोळसांनाही सोयीचा पडतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या सत्राची यादी सुटीतच ग्रंथालयात गेली. सोळांपैकी चौदा पाठ पहिल्या दिवशी तयार होते. पंधरावा दिवाळीनंतर आला. आणि एक संपूर्ण कथा साऱ्या वर्गास खुली करण्याविषयी लेखकाच्या वारसांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर, मोठ्या सौजन्याने होकार देणारे, परीक्षा होऊन गेल्यावर पोचले.