डेटाबेस एन्क्रिप्ट केला, म्हणजे सुरक्षित झाला का?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. सभासदाचा पत्ता, आधार क्रमांक, शिल्लक, सगळं आता डेटाबेसमध्ये असतं. सॉफ्टवेअरवाला सांगतो, "एईएस-256 लावलंय, काळजी नको." एईएस मजबूत आहेच. पण ते लावलं कसं, हे बघायला हवं.

तालुक्याचा रकाना घ्या. जिल्ह्यात तालुके 14. नॉन्स न वापरता सगळ्या नोंदी एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केल्या, तर 'संगमनेर'चं रूप दर वेळी तेच येतं. संस्था संगमनेरची असेल, तर सर्वांत जास्त वेळा दिसणारं रूप कशाचं, हे किल्लीशिवायही कळतं. 2013 मध्ये अडोबीचे पासवर्ड फुटले, तेव्हा हेच झालं. सारख्या पासवर्डचं रूप सारखं, आणि शेजारी लोकांनी लिहिलेले इशारे उघडे.

नॉन्स म्हणजे दर वेळी मिसळलेला नवा आकडा. तो गुप्त नसला तरी चालतं, पण त्याच किल्लीबरोबर पुन्हा वापरायचा नाही. एईएस-जीसीएममध्ये तो दोनदा आला, तर दोन नोंदींमधला फरक उघडा पडतो आणि खोटी नोंद घुसवायची वाट मिळते. आता बघा, नॉन्स डेटाबेसमधल्या मोजणीतून घेतला आणि आपण कालचा बॅकअप परत चढवला, तर मोजणीही कालवर जाते. जुने नॉन्स पुन्हा निघतात.

काही जण म्हणतात, आधारचा नुसता हॅश ठेवू. आधारचे अंक 12. शेवटचा तपासणीचा, आणि पहिला 0 किंवा 1 नसतो. उरल्या 8 हजार कोटी शक्यता. सेकंदाला 100 कोटी हॅश काढणारं यंत्र त्या 80 सेकंदांत संपवतं. शोधासाठी हॅश हवाच, तर गुप्त किल्लीचा एचमॅक घ्या.

आणि किल्ली? ती त्याच सर्व्हरवर, त्याच बॅकअपमध्ये असेल, तर चोराला दोन्ही एकदमच मिळतात. म्हणूनच यूआयडीएआयने 2017 मध्ये आधार क्रमांक वेगळ्या 'व्हॉल्ट'मध्ये आणि किल्ल्या स्वतंत्र सुरक्षा-उपकरणात ठेवायला सांगितलं.

तेव्हा संचालक मंडळाने 'एन्क्रिप्शन आहे का?' एवढंच विचारून थांबू नये. नॉन्स कुठून येतो? बॅकअप चढवल्यावर काय होतं? एका खात्याची एन्क्रिप्ट केलेली शिल्लक उचलून दुसऱ्या खात्यात चिकटवली, तर सॉफ्टवेअर ओळखेल का? किल्ली कुणाच्या हातात आहे? याची उत्तरं लेखी घ्या.