हॅम्स्टरचे घर व कोठार

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे गाव आहे. तेथील विस्तीर्ण तलाव प्रसिद्ध आहे. या भागातील मुख्य पीक धान. धानाच्या बांध घातलेल्या शेतास तेथील लोक 'बांधी' म्हणतात. लोंब्या पिकू लागल्या, की बांधाच्या पोटात बीळ करून राहणारा उंदीर रात्री बाहेर पडतो, लोंब्या कुरतडतो आणि आत ओढून नेतो. असे बीळ खणले असता निजण्याची जागा व धान्याचा साठा ही वेगवेगळी आढळतात.

साठा करण्याची हीच सवय उंदराच्या एका दूरच्या भाऊबंदास आहे. त्याचे नाव हॅम्स्टर. सोनेरी केसांचा, वीतभरही लांब नसलेला हा प्राणी मूळचा सीरिया व तुर्कस्तान या देशांच्या सीमेकडील कोरड्या मुलखातला. त्याच्या दोन्ही गालांच्या आत खांद्यापर्यंत पोहोचणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत दाणे कोंबून तो ते आपल्या कोठारात रिते करतो. जर्मन भाषेत 'साठा करणे' या अर्थाचे क्रियापदच त्याच्या नावावरून बनले आहे.

आता हा प्राणी अनेक घरांत पाळला जातो. पिंजऱ्यात रोज आयते अन्न मिळत असले, तरी तो ते एका कोपऱ्यात साठवतो, दुसऱ्या कोपऱ्यात मऊ घरटे करतो आणि बहुधा तिसऱ्याच कोपऱ्यात मूत्र विसर्जन करतो. पाळणाऱ्यास मात्र हा सारा पसारा वाटतो. तो सगळे काढून टाकतो व पिंजरा लख्ख धुतो. हेतू चांगला असला, तरी परिणाम वाईट होतो. हॅम्स्टरची दृष्टी मंद असते. तो आपले घर वासावरून ओळखतो. ओळखीचा वास व जमविलेला साठा एकाच वेळी नाहीसा झाला, की तो भयभीत होतो.

मग स्वच्छता कशी राखावी? शेतकरी धान उन्हात वाळविल्याशिवाय कणगीत भरत नाही. कारण ओलावा हा धान्याचा वैरी होय. तोच नियम येथे लागू पडतो. गाजर, काकडी, पालेभाजी यांचे उरलेले तुकडे रोज काढून टाकावेत. ते कुजतात व त्यांमुळे बुरशी धरते. कोरडे दाणे राहू द्यावेत. साठा फार वाढला, तर जुने दाणे थोडे कमी करून त्या जागी ताजे ठेवावेत. ओला झालेला कोपरा वरचेवर साफ करावा. अंथरूण बदलताना जुन्या अंथरुणातील कोरडा, स्वच्छ भाग नव्यात मिसळावा. पिंजरा धुतल्यास तो पूर्ण वाळवावा. हे काम सायंकाळी, प्राणी आपण होऊन जागा झाल्यावर करावे. कारण तो दिवसा झोपतो. काम संपताच साबणाने हात धुवावेत.

एक प्रसंग मात्र असा असतो, की तेव्हा घरट्यास हातच लावू नये. १९३० साली इस्रायल अहरोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ या प्राण्याच्या शोधात सीरियातील अलेप्पो शहराजवळ गेले होते. एका गव्हाच्या शेतात खोल खणल्यावर मादी व तिची पिले असलेले घरटे सापडले. ती सर्व एका पेटीत ठेवताच बिथरलेल्या मादीने जवळ आलेल्या पिलाचा प्राण घेतला. उरलेल्या पिलांपैकी काही जगली व त्यांचा वंश वाढला. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्याच वंशातले आहेत.

ती मादी क्रूर नव्हती. तिचे घर उद्ध्वस्त झाले होते. म्हणून पिले जन्मल्यावर सुमारे दोन आठवडे, त्यांचे डोळे उघडेपर्यंत, घरट्यास स्पर्श करू नये. दूर ठेवता येईल असे अन्न व पाणी शांतपणे द्यावे, एवढेच पुरे.

स्वच्छता हवीच, परंतु जे कुजते ते काढावे आणि जे टिकते ते राहू द्यावे, हा विवेक तीत असला पाहिजे. पिंजरा मनुष्याने आणलेला असतो. पण त्यातील घर त्या लहानशा जिवाने स्वतः उभारलेले असते.