ट्रेसरचा चकवा

लाल रेघ थेट शत्रूच्या विमानात घुसताना दिसते, तरी त्याला ओरखडाही उठत नाही. फ्लाइट सिम्युलेटरवर रात्री जागवणाऱ्या समस्त ठाणे-कल्याण-डोंबिवलीकर वैमानिकांनो, हे तुमच्यासाठी!

रात्रीचे साडेदहा. फास्ट लोकलमध्ये धक्के खात घरी यायचं, आमटी-भात पोटात ढकलायचा, आईला ‘हो गं, झोपतोच आता’ म्हणायचं आणि दार लोटून कॉम्प्युटर सुरू करायचा. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही डोंबिवलीत नसता. तुम्ही १९४३ मध्ये असता. तीन हजार मीटरवर, स्पिटफायरच्या कॉकपिटमध्ये. समोर शत्रूचं विमान. ट्रिगर दाबला. लालभडक ठिणग्यांची माळ सुटली, थेट त्याच्या पंखावरून गेली आणि... काहीच झालं नाही! पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गोळ्या संपल्या आणि मागून येऊन कोणीतरी आपलंच तिकीट कापलं.

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा काळ येतो. माझ्या आयुष्यात तो जरा जास्तच लांबला.

सुरुवात झाली ती कॉलेजात असताना. मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ १९९८ मध्ये आला होता, पण खरं वेड लावलं ते २००१ च्या ‘आयएल-२ श्टुर्मोविक’ने. मित्राकडून सीडी आणायची, जॉयस्टिक नाही म्हणून माऊसवर विमान उडवायचं, आणि नेमकं शत्रूच्या शेपटीवर पोहोचलं की लोडशेडिंग! आज लोडशेडिंग गेलं, जॉयस्टिक आली, ‘डीसीएस वर्ल्ड’ आणि ‘वॉर थंडर’ आले, कोणाकोणाकडे व्हीआरचा चष्माही आला. नेम मात्र तसाच राहिला. बोंबललेला.

ही ट्रेसर काय भानगड आहे?

साधी गोळी उडताना दिसत नाही. दिसणार कशी? सेकंदाला सात-आठशे मीटर वेगाने जाते ती. म्हणून काही गोळ्यांच्या बुडाला छोटी पोकळी ठेवून त्यात जळणारं मिश्रण भरतात. गोळी सुटली की ते पेटतं आणि मागे उजेडाची रेघ दिसते. ही ट्रेसर गोळी. पहिल्या महायुद्धात ती वापरात आली. मिश्रणात स्ट्रॉन्शियमचा क्षार असेल तर रंग लाल, बेरियमचा असेल तर हिरवा. दिवाळीच्या फटाक्यांत लाल-हिरवे रंग येतात ते याच दोन धातूंमुळे. म्हणजे फडके रोडवर उभं राहून आपण जो रंग बघतो, तोच!

पट्ट्यातली प्रत्येक गोळी ट्रेसर नसते. साधारण चार साध्या आणि पाचवी ट्रेसर, असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी असतं. म्हणजे एक रेघ दिसली की तिच्यामागे चार न दिसणाऱ्या गोळ्या आहेत असं समजायचं. ऐकायला मस्त वाटतं. रेघ बघायची आणि पाण्याचा पाइप फिरवावा तशी ती शत्रूवर न्यायची. खल्लास!

इथेच तर चकवा लागतो.

शेजारचे काका आणि चकली

आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. गेल्या दिवाळीत काकूंनी दिलेल्या चकल्यांचा डबा घेऊन ते आले आणि स्क्रीनवर चाललेला माझा गोळीबार बघत उभे राहिले.

‘काय रे, सगळ्या फुकट चालल्यात तुझ्या.’

‘काका, लागतायत हो! बघा ना, आरपार जातायत!’

‘तुला आरपार दिसतंय. पण ती त्याच्या अलीकडून गेली की पलीकडून, हे कशावरून ठरवलंस?’

मी गप्प. ‘तुम्ही फॅक्टरीत ट्रेसर बनवायचात का?’ म्हणून विचारलं, तर हसले. ‘गोळ्या भरायचं काम आमच्याकडे नव्हतं. आमचं काम धातूचं. पण एवढं कळतं, की जी जळते ती हलकी होत जाते. मग ती आणि साधी गोळी एकाच वाटेने कशा जातील?’

काकांचे दोन्ही मुद्दे शंभर टक्के बरोबर होते.

चकवा नंबर एक: खोलीचा. सपाट स्क्रीनवर जवळचं आणि लांबचं एकाच पातळीवर दिसतं. ट्रेसर आणि विमान एकमेकांवर आले म्हणजे धडकले असं नाही. व्हीआर लावून कॉकपिटमधली बटणं खोलीसकट दिसतात, पण दोन-तीनशे मीटरवर दोन डोळ्यांमधल्या अंतराचा फारसा उपयोग होत नाही. खऱ्या वैमानिकालाही हा घोळ चुकलेला नाही.

चकवा नंबर दोन: वळणाचा. तुम्ही वळत असताना गोळी मारली की रेघ वाकडी जाताना दिसते. गोळी खरं तर आपल्या वाटेने सरळच चाललेली असते, तुमचं विमान वळून पुढे गेलेलं असतं. मुंब्र्याच्या खाडीवर लोकलमधून निर्माल्याची पिशवी टाकणारे आठवा. फेकणाऱ्याला पिशवी सरळ खाली जाताना दिसते आणि पुलावर उभ्या असलेल्या माणसाला ती गाडीबरोबर पुढे जाताना दिसते. पिशवी एकच, बघणारे दोन! रेघ वाकली म्हणून घाबरून नेम बदलू नका.

चकवा नंबर तीन: वाटेचा. ट्रेसर जळत जाते तसं तिचं वजन घटतं आणि मागच्या जळण्यामुळे हवेचा विरोधही बदलतो. जवळून मारताना हा फरक नगण्य. पण लांब पल्ल्यावर दिसणारी गोळी एका जागी आणि न दिसणाऱ्या चार दुसऱ्याच जागी, असं होऊ शकतं.

चला, थोडं गणित!

घाबरू नका, दहावीतलंच आहे. समजा शत्रू ताशी ४०० किलोमीटर वेगाने तुमच्या समोरून आडवा चाललाय. म्हणजे सेकंदाला १११ मीटर. तुमच्या गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ८०० मीटर धरू आणि अंतर ३०० मीटर. गोळीला पोहोचायला लागले ०.३७५ सेकंद. तेवढ्यात शत्रू किती सरकला? जवळजवळ ४२ मीटर! स्पिटफायरची लांबी साधारण नऊ मीटर. म्हणजे विमानाच्या पुढे साडेचार विमानं सोडून मारायचं! आणि आपण मारतो कुठे? नाकावर. मग गोळ्या शेपटीच्याही मागून जाणारच की!

आता हेच अंतर १०० मीटर करा. शत्रू सरकतो फक्त १४ मीटर, म्हणजे दीड विमान. आणि तो आडवा न जाता सरळ तुमच्या पुढे पळत असेल तर पुढे मारायची गरज जवळपास संपलीच.

डोंबिवली स्टेशनवर सकाळी आपण हे रोज बघतो. गाडी थांबायच्या आधीच उडी मारणारे महाभाग समोर आलेल्या दाराकडे बघत नाहीत, दार जिथे येणार त्या जागेकडे धावतात. (तुम्ही असलं काही करू नका, प्लीज.) हवेत गोळी मारायचा फंडा तोच आहे.

अजून एक गोष्ट. स्पिटफायर, हरिकेनच्या बंदुका पंखांत असतात आणि त्यांच्या रेघा पुढे एका ठराविक अंतरावर एकत्र येतील अशा किंचित आत वळवलेल्या असतात. ब्रिटिशांनी १९४० मध्ये हे अंतर ४०० यार्डांवरून २५० यार्डांवर आणलं, कारण लांबून मारून हाती काही लागत नव्हतं. बऱ्याच सिम्युलेटरमध्ये हे अंतर आपल्याला ठरवता येतं. ते न बघता खेळाल तर दोन्ही पंखांच्या गोळ्या शत्रूच्या दोन्ही बाजूंनी त्याला नमस्कार करून निघून जातील!

मग ट्रेसर हवी की नको?

सैनिकांमध्ये एक जुना विनोद आहे, की ट्रेसर दोन्ही बाजूंनी काम करते. तुम्हाला गोळी कुठे चाललीय ते दिसतं, आणि समोरच्याला ती कुठून आली ते! तुम्ही दबकत मागून आलात, पहिली फैर हुकली आणि डोक्यावरून लाल रेघ गेली, की तो सावध झालाच. ‘वॉर थंडर’मध्ये म्हणूनच ट्रेसर नसलेला ‘स्टेल्थ’ पट्टा मिळतो.

पण नवशिक्यांनी लगेच तिकडे धावू नये. ट्रेसर ही शिकवणी आहे. तिने नेम धरायचा नसतो, चूक ओळखायची असते. रेघ शत्रूच्या मागे राहिली? पुढच्या वेळी अजून पुढे मारा. पुढे गेली? थोडं थांबा. नेम धरायचा तो समोरच्या काचेवरच्या साइटने. मी महिनाभर रोज रात्री फक्त एवढंच केलं. एक छोटी फैर, थांबायचं, बघायचं, सुधारायचं. मग ट्रेसर बंद केल्या. पहिले दोन दिवस आंधळी कोशिंबीर! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की रेघ दिसत नाही म्हणून मी आता अजून जवळ जातोय. आणि जवळ गेलं की लागतं!

काकांचा प्रश्न

त्या दिवाळीत चकलीचा डबा ठेवून काका निघाले, आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, ‘त्या विमानातला माणूस उडी मारतो का रे?’

‘मारतो की. पॅराशूट उघडतं.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले आणि गेले.

तेव्हा मला हसू आलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयराच्या आकाशात आपल्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानच्या सेबर विमानांना गाठलं. मॅसी, गणपती आणि लाझारस या तिघांच्या ३० मिलिमीटरच्या तोफांनी काम केलं, तिघांनाही वीरचक्र मिळालं. पाकिस्तानचे दोन वैमानिक पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. त्यातले एक, परवेझ मेहदी कुरेशी, १९९७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले! त्याच युद्धात आपले दिलीप पारुळकर पाकिस्तानात पडले, त्यांनीही उडी मारली, कैदी झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. अफगाण सीमेच्या अगदी जवळ पकडले गेले, पण पुढे मायदेशी परतले. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. काकांचा प्रश्न साधा नव्हता. एक पॅराशूट उघडतं, म्हणजे पुढचं अख्खं आयुष्य उघडतं.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. पावसाळ्यात बाइक काढून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागतं ना? तिथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी केली होती. उल्हासनगर तर त्या काळात सैन्याची छावणीच होतं. धावपट्टीसाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून भांडण सुरूच राहिलं, आणि नौदलाच्या भिंतीवरून २२ जून २०१७ ला तिथलं आंदोलन हिंसक झालं. आपण ज्या काळातली विमानं रात्री मजेत उडवतो, त्या काळाचा हिशेब नेवाळीत अजून मिटलेला नव्हता.

म्हणून खेळायचं नाही का? खेळायचं की! मी खेळतोच. मागच्या शनिवारी पहिल्यांदा एकही ट्रेसर न वापरता, शंभर मीटरवरून, एका छोट्या फैरीत समोरचं विमान पाडलं. ओरडणार होतो, पण आई झोपली होती. मग तसाच एक घिरटी घालून खाली बघत राहिलो. पांढरा ठिपका दिसला. पॅराशूट उघडलं होतं.

सकाळी जिन्यात काका भेटले, त्यांना सांगितलं. ‘बरं झालं,’ म्हणाले. ‘आणि तो चकलीचा डबा परत दे. काकू विचारत होती.’

घरच्या वैमानिकांसाठी पाच फंडे

१. लांबून मारू नका. समोरच्याचे पंख काचेत मावेनासे झाले, की मगच ट्रिगर.

२. फैर छोटी ठेवा. एका सेकंदाच्या वर नको.

३. नेम साइटने, चूक ट्रेसरने. उलटं करू नका.

४. बंदुकांच्या रेघा एकत्र येण्याचं अंतर २०० ते ३०० मीटरच्या आसपास ठेवा, आणि त्याच अंतरावरून मारा.

५. उड्डाणाचं रेकॉर्डिंग नंतर बाजूच्या कॅमेऱ्यातून बघा. ‘आरपार’ गेलेल्या गोळ्या खरं कुठून गेल्या ते कळेल. सुरुवातीला लाज वाटेल, पण नेम सुधारेल!