गिरणीवर सोलर बसवताय? कोटेशनआधी वीजबिल हातात घ्या

पिठाची गिरणी, तेलघाणा, दूध संकलन केंद्र, वेल्डिंगचं दुकान. गावातल्या या धंद्यांत वीजबिल भरता भरता नाकीनऊ येतात. त्यामुळे छपरावर सोलर बसवण्याची चौकशी बरेच जण करतात. पण 'लाइट गेली तरी गिरणी चालणार' एवढ्या समजुतीवर कर्ज काढलं, तर पस्तावायची वेळ येऊ शकते. म्हणून सही करण्याआधी हे समजून घ्या.

किती किलोवॅट लागतील?
मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि युनिट बघा. आपल्याकडे १ किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

समजा गिरणीची मोटर १० एचपीची आहे, म्हणजे अंदाजे साडेसात किलोवॅट. ती रोज ४ तास पूर्ण लोडवर चालली, तर ३० युनिट लागतात. म्हणजे ८ किलोवॅटचं सोलर पुरेल. त्यासाठी सावली नसलेली सुमारे ८०० चौरस फूट जागा हवी.

लाइट गेली की सोलरही बंद
इथेच अनेकांची फसगत होते. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइनला जोडलेलं असतं. लाइट गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही सोय असते. हे सोलर बिल कमी करतं, लोडशेडिंग घालवत नाही.

बॅटरीचं हायब्रीड सोलर घेता येतं, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्या ताकदीची बॅटरी आणि इन्व्हर्टर महाग पडतो. त्यामुळे बॅटरीवर दिवे, वजनकाटा, कॉम्प्युटर चालवणंच बहुतेकांना परवडतं.

पैसे कधी फिटतील?
पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. ते गिरणीच्या किंवा दुकानाच्या मीटरला मिळत नाही. कुणी 'मिळवून देतो' म्हणालं, तर सावध राहा.

वर्षाला बिलात किती रुपये वाचतील ते काढा आणि एकूण खर्चाला त्याने भागा. तेवढ्या वर्षांत पैसे वसूल होतील. मात्र बिल शून्य होईल असं धरू नका, स्थिर आकार भरावाच लागतो. कर्जाचा हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा जास्त असेल, तर फरक खिशातून जाणार. इन्कम टॅक्स रिटर्न भरत असाल, तर घसाऱ्याबद्दल सीएला विचारा.

नेट मीटर असेल तर जास्तीची वीज लाइनला जाते आणि बिलात वळती होते. कोणत्या वेळचे युनिट कसे वळते होतात, हे ग्राहकाच्या प्रकारावर अवलंबून आहे. तुमच्या मीटरचा नियम महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. दळण शक्यतो भर उन्हात करणं सगळ्यात फायद्याचं.

बसवल्यावर काय सांभाळायचं?
- गिरणीचं पीठ आणि धूळ पॅनलवर बसते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग पडतात, लगेच पुसा.
- झाडाची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटू शकते.
- जुन्या पत्र्याचे अँगल आधी तपासून घ्या. वळवाच्या वादळात कमकुवत सांगाडा उडतो.
- अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टर कोटेशनमध्ये लिहून घ्या. विमाही काढा.
- पॅनलची वीज देण्याची हमी बहुधा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. म्हणून इन्व्हर्टर बदलण्याचे पैसे बाजूला टाकत राहा.

इन्व्हर्टरवर रोजचे युनिट दिसतात. ते वहीत किंवा मोबाइलवर टिपून ठेवा. कडक उन्हातही आकडा अचानक घसरला, तर बिल यायची वाट बघू नका, बसवणाऱ्याला लगेच बोलवा. दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येणार, हे कोटेशनवरच लिहून घ्या.