दुखते गुडघ्यात, मूळ कुठे?

दिवाळी जवळ आली की माझ्या दवाखान्यात गुडघ्यांची गर्दी होते. माळ्यावरचे डबे उतरवायचे, घर झाडायचे, मांडी घालून चकल्या पाडायच्या, उकिडवे बसून रांगोळी घालायची. एवढे सोसल्यावर गुडघ्यांनी तक्रार केली तर त्यात नवल ते काय? नवल आहे ते निराळेच. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रोगाचे नाव घरूनच ठरवून आणलेले असते. कुणी म्हणतो ‘वात’, कुणी म्हणतो ‘वय झाले’, तर कुणी ‘वंगण संपले’. पण गुडघा म्हणजे काही शिवणयंत्र नव्हे, की तेलाचे दोन थेंब सोडले आणि काम झाले!

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते आणि पुढे वाटी सरकत असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला पोषण मिळते कुठून? सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की स्पंजासारखी द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे अन्न! ‘गुडघे दुखतात, म्हणून चालणे सोडले’ असे कुणी सांगितले की मला काळजी वाटते ती एवढ्यासाठीच. चालणे सुटले की मांडीचे स्नायू रोडावतात, वजन वाढते, आणि गुडघा अधिकच दुखतो.

पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांत, सर्वांत जास्त आढळतो तो झिजेचा संधिवात. जिना उतरताना कळ येते. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. याउलट आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल आणि हातांची बोटेही सुजत असतील, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याचे उपचार अगदी निराळे, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर रक्तातल्या यूरिक आम्लाचा संशय घ्यावा.

एक्स-रे पाहून मात्र घाबरून जाऊ नका. फोटोत पुष्कळ झीज दिसणारी माणसे मजेत फिरताना मी पाहिली आहेत, आणि जवळजवळ स्वच्छ फोटो घेऊन कण्हणारीही पाहिली आहेत. नुसता कटकट आवाज येत असेल, दुखत वा सुजत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

आणखी एक गंमत अशी, की दुखते तेथेच मूळ असते असे नाही. खुब्याचा सांधा बिघडला तरी कळ गुडघ्यात येते. कमरेतली नस दाबली गेली तर वेदना मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, तीच सायटिका. ठराविक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते आणि नुसते उभे राहिल्याने थांबते, असे होत असेल तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शक्यता असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पण उभे राहून भागत नाही, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरे वाटते, असे असेल तर दोष बहुधा कण्यात असतो. मधुमेह्यांच्या तळपायांची रात्रीची आग नसांमुळे होते. अंग सर्वत्र ठणकते, हाडे दाबली तर दुखतात, अशांचे ड जीवनसत्त्व तपासावे लागते. आपल्याकडे लख्ख ऊन असूनही त्याची उणीव पुष्कळांत सापडते.

एक प्रसंग सांगतो. एका गृहस्थांची, लांबच्या प्रवासाहून आल्यावर, एकच पोटरी सुजली. घरच्यांनी मायेने तेल गरम करून चोळायची तयारी केली. सुदैवाने सुनेला शंका आली आणि तिने त्यांना आधी माझ्याकडे आणले. पोटरी गरम होती आणि दुसरीपेक्षा चांगलीच जाड. मी त्यांना तडक रुग्णालयात धाडले. नीलेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते! औषधांनी ते बरे झाले. म्हणून एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर चोळू नका; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांधा सुजून ताप आला, पडल्यावर पायावर भार घेता येईना, किंवा लहान मूल लंगडू लागले, तरीही थांबू नये.

आता झिजेच्या गुडघ्याचे उपाय. पहिला मान व्यायामाचा. उताणे झोपा, एक गुडघा वाकवून पाऊल टेकवा, दुसरा पाय ताठ ठेवून हातभर उचला, पाच अंक मोजा, सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. चार दिवसांत कंटाळू नका. दुसरा उपाय वजनाचा. एक किलो वजन उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काही दिवस पाट सोडून खुर्ची घ्या. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरा. वेदनाशामक मलमाचा उपयोग होतो. गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, कारण जठर आणि मूत्रपिंड यांना त्या बाधतात. ‘हमखास गुण’ देणाऱ्या निनावी पुड्यांपासून तर दूरच राहा. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते.

एवढे करूनही रात्रीची झोप उडाली आणि घरातल्या घरात फिरणे कठीण झाले, तर शस्त्रक्रियेचे भय बाळगू नये. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात 2000 साली एक आणि 2001 साली दुसरा गुडघा बदलून घेतला. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने 2017 च्या ऑगस्टमध्ये मर्यादाही घातली. तरीही हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे; आणि त्यानंतरही व्यायाम चुकत नाहीच.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक काम अवश्य करा. कुठे दुखते, केव्हा दुखते, कशाने वाढते आणि कशाने थांबते, हे चार ओळींत लिहून न्या. निम्मे निदान त्या कागदावरच होते. आणि आजी ‘काही नाही गं, वयच झालं’ म्हणून टाळत असतील, तर त्यांच्याजवळ बसून तो कागद तुम्ही लिहा.