माती कोणत्या विभागात मोडते?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस एक ऊस उत्पादक शेतकरी आमच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत शेतातली माती होती, तर दुसरीत पिवळा पडलेला, मुळे कुरतडलेला उसाचा बुंधा. माती मृदाशास्त्र विभागात गेली आणि बुंधा कीटकशास्त्र विभागात आला. मृदा विभागाचा अहवाल आला तो असा : सामू ठीक, पालाश पुरेसा, नत्र कमी. आम्ही कळवले : हुमणीचा प्रादुर्भाव. दोन्ही कागद बरोबर होते. मात्र एकाच मातीची ही दोन वर्णने एकत्र वाचण्याचे काम ज्याच्यावर येऊन पडले, तो शेतकरी स्वतः होता. माझ्या मते दोष ज्ञानाचा नव्हता, तर विभागणीचा होता.

विभागणी हे विज्ञानाचे आवश्यक साधन आहे. पृथ्वीचा अभ्यास करताना आपण शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण असे चार भाग पाडतो. शिकवण्याच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे. पण या चार चौकटींत मातीला कोठे बसवायचे? तिच्यात खडकाचा चुरा आहे, पाणी आहे, हवा आहे आणि जीवही आहेत. रशियन शास्त्रज्ञ वसिली डोकुचाएव यांनी 1883 साली काळ्या मातीवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की माती म्हणजे केवळ झिजलेला खडक नव्हे. मूळ खडक, हवामान, जीव, भूरूप आणि काळ या पाच घटकांनी घडवलेला तो एक स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ आहे. त्याआधी दोन वर्षे, 1881 मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवरील पुस्तक प्रसिद्ध केले होते. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे आधुनिक मृदाविज्ञानाच्या आरंभापासूनच मातीतील जीव हा तिचा घडवणारा घटक मानला गेला आहे. आपल्या पुस्तिकांत व प्रशिक्षणवर्गांत मात्र तो 'किडी व रोग' या शेवटच्या प्रकरणात आढळतो.

नावे मुळात शेतातलीच

भूविज्ञानातील अनेक भारदस्त संज्ञा मुळात लोकभाषेतून आल्या आहेत. 'चर्नोझेम' म्हणजे रशियन भाषेत काळी माती. 'पॉडझॉल' म्हणजे राखेखालची माती. काळ्या कापसाच्या जमिनीसाठी जुन्या ग्रंथांत आढळणारा 'रेगूर' हा शब्द तेलुगूतून आला. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली केरळमधील अंगाडिपुरम येथील दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. तेथील लोक तो दगड विटांसारखा कापून घरे बांधत होते. कोकणात त्यालाच आपण जांभा म्हणतो. गोंडवन हे भूशास्त्रात जगभर रूढ झालेले नावही मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले.

आजही हा शब्दसाठा जिवंत आहे. उत्तरेत नदीच्या नव्या गाळाला खादर आणि जुन्या गाळाला बांगर म्हणतात, तर क्षारांनी बिघडलेल्या जमिनीला ऊसर. महाराष्ट्रात काळी, पोयटा, मुरमाड, बरड, खारवट, चोपण असे शब्द आहेत. 'चोपण' म्हणताच ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी आणि पाणी न मुरणारी जमीन डोळ्यांसमोर उभी राहते. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण वाचून हे चित्र शेतकऱ्यापुढे उभे राहत नाही.

तथापि केवळ स्थानिक नावांवर विसंबणे धोक्याचे आहे. एकाच शब्दाचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. जी जमीन एका गावात 'मध्यम' असते, ती शेजारच्या गावात 'हलकी' ठरते. हुमणीचेही तसेच आहे. राजस्थानात ती सफेद लट, गुजरातेत मुंडा, कर्नाटकात गोण्णे हुळू. पण राजस्थानच्या वालुकामय जमिनीत भुईमूग फस्त करणारी होलोट्रायकिया कॉन्सॅन्ग्विनिया वेगळी, महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेली होलोट्रायकिया सेराटा वेगळी आणि सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या उसात आढळणारी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा वेगळी. त्यांच्या सवयी भिन्न असल्याने उपायही सरसकट एक असू शकत नाहीत. म्हणून लोकनाम आणि शास्त्रीय नाम शेजारीशेजारी असावे, ही माझी पहिली सूचना.

विभागांची नावे कशी असावीत?

शेतकऱ्यांसाठीच्या भूविज्ञान साहित्याची मांडणी पुढील पाच शीर्षकांखाली करता येईल, असे मला वाटते.

1. खडक ते माती : जमीन कोणत्या खडकापासून बनली, हे येथे यावे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून फुगणारी, भेगाळणारी माती का तयार होते, हे एकदा कळले की मशागतीचे निम्मे प्रश्न सुटतात.
2. ओल आणि निचरा : 'जलविज्ञान' हे नाव धरणाकडे नेते; 'ओल' हे नाव मुळांकडे नेते.
3. पाऊस आणि हंगाम : वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. ही हवामानाची नोंदही आहे आणि किडीचीही.
4. मातीतील जीव : गांडूळ, वाळवी, मुंग्या, हुमणी, बुरशी व सूत्रकृमी हे एकत्र यावेत, मित्र आणि शत्रू अशी आधीच फाळणी न करता. शेतात वाळलेला काडीकचरा कुजवणारी वाळवी उभ्या पिकात नुकसानही करते.
5. बिघडलेल्या जमिनी : चोपण, खारवट, पाणथळ आणि धुपलेल्या जमिनी. 'समस्याग्रस्त मृदा' हा शब्द अचूक आहे, पण तो ऐकून कोणी आपल्या शेताकडे पाहत नाही.

दुसरी सूचना अशी की प्रत्येक विभागातून दुसऱ्याकडे वाट असावी. हुमणीच्या माहितीत जमिनीचा पोत, ओल आणि कच्च्या शेणखताचा उल्लेख हवाच. न कुजलेल्या शेणखतातून हुमणीचा उपद्रव वाढू शकतो. तसेच मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी जमिनीत पुरेशी ओल असेल तरच नीट काम करते. हे दोन्ही मुद्दे खत आणि पाण्याच्या प्रकरणांत नसतील, तर कीटकशास्त्राच्या पानावर ते उशिरा पोहोचतात. तोवर अळी तिसऱ्या अवस्थेत जाऊन मुळे खाऊ लागलेली असते.

आरोग्यपत्रिकेत न दिसणारी माती

मृदा आरोग्यपत्रिका योजना 2015 साली सुरू झाली. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा निकष आहेत. खतांच्या संतुलित वापरासाठी ती मोलाची आहे. पण या बाराही निकषांत मातीतील जीवांची थेट मोजणी नाही. त्यासाठी महागडे उपकरण लागतेच असे नाही. जमीन वाफशावर असताना शेतात चार-पाच ठिकाणी फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, माती गोणपाटावर पसरावी आणि गांडुळे, हुमणीच्या अळ्या व वाळवी मोजून नोंद ठेवावी. दरवर्षी त्याच सुमारास हे केले, तर काही हंगामांत शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कल समजू लागतो. ही नोंद पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिली तरी चालेल.

आता कोणी दोन पिशव्या घेऊन आला, तर मी त्या वेगवेगळ्या टेबलांवर पाठवत नाही. मृदाशास्त्रातील सहकाऱ्याला बोलावतो आणि दोन्ही पिशव्या एकाच ट्रेमध्ये ओततो. विभागांच्या पाट्या बदलायला वेळ लागेल. ट्रे मात्र आजही एक करता येतो.